अण्णांचे अडकलेले आभार

सार्वजनिक कार्यक्रम सुरू करायला कोणीही चालतो; संपवायला मात्र अधिकारी माणूस लागतो. साताऱ्यातल्या एका पेठेची वासंतिक व्याख्यानमाला एकतीस वर्षं दर मे महिन्यात रीतसर संपत आली, ती अण्णांमुळे. अण्णा आभार मानत. वक्ते बदलले, अध्यक्ष बदलले, एकदा तर विषयही बदलला (१९८४). आभार तेच राहिले.

या कार्याची आकडेवारीही त्यांनी ठेवली होती. ‘आता आभारप्रदर्शन’ हे शब्द कानी पडताच शेकडा एकाहत्तर श्रोते उठतात, शेकडा वीस बसल्याजागी पायाने चपला चाचपू लागतात, आणि उरलेले नऊ आपलं नाव अजून यायचं आहे म्हणून थांबतात. महाराष्ट्रातल्या संस्था या नऊ टक्क्यांवर चालतात, असं अण्णांचं मत होतं.

१९९९च्या मार्चमध्ये अण्णा गेले. पण गैरसोय नको म्हणून मे महिन्याचे आभार त्यांनी फेब्रुवारीतच मानून ठेवले होते. मुलगा मुकुल आदल्या वर्षी अमेरिकेहून येऊन एक लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. मुलगी विनोदिनी हिने त्यावर आवाज नोंदवायचा प्रोग्राम चालू करून दिला, तेव्हा अण्णांनी तिला खोलीबाहेर थांबायला सांगितलं. ज्याचे आभार मानायचे त्याला ते आधी कळू नयेत, हा त्यांचा दंडक होता. वास्तविक विनोदिनीपासून काही धोका नव्हता. घरच्यांचे आभार अण्णा कधीच मानत नसत. आभार परक्यांचे मानायचे असतात, हा दुसरा दंडक.

बोलून झाल्यावर त्यांनी ते परत ऐकलं नाही. स्वतःचं भाषण स्वतः ऐकणं ही त्यांना आत्मस्तुती वाटे.

एप्रिलमध्ये एका सकाळी विनोदिनीने मन घट्ट करून बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ थरथरू लागली. आवाज आला नाही. अण्णा बोलत होते हे दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं. चार मिनिटं बारा सेकंद रेघ हलली आणि थांबली. शेवटाकडे एका जागी ती बराच वेळ सपाट होती. तिथे ते पाणी प्यायले असावेत. तिने ती रेघ सहा वेळा पाहिली आणि मग शाळेत शिकवायला गेली.

व्याख्यानमालेचे अध्यक्ष नानासो यांना हे कळताच त्यांनी ‘ध्वनिमुक्ती उपसमिती’ नेमली. त्यांची तळमळ समजण्यासारखी होती. १९९७ साली अण्णांनी व्यासपीठावरच्या फुलदाणीचे आभार मानले होते आणि नानासोंचे राहिले होते.

“अण्णांचा आवाज आता संस्थेची ठेव आहे, विनोदिनी,” ते म्हणाले. “फक्त सुरू झाला की आधी मला एकट्याला ऐकव. तपासून घ्यायला.”

उपसमितीच्या उरलेल्या अकरा सदस्यांनीही, प्रत्येकाने एकेकटं गाठून, तपासण्याची तयारी दाखवली.

पहिले तज्ज्ञ मानसिंग. फौजेत सिग्नलला होते. त्यांनी लॅपटॉपला चारी बाजूंनी पाहिलं आणि पूजेचं तबक मागवलं. हे योग्यच होतं. आदल्या खंडेनवमीला अण्णांनी विळी, स्कूटर आणि कात्री यांच्या रांगेत लॅपटॉपही मांडला होता. प्रथा पडली होती. मानसिंगांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, साखर ठेवली, आणि मग यंत्र कानाशी धरून हलवलं. “आत काहीतरी आहे,” असा त्यांनी अहवाल दिला. उपसमितीने तो एकमताने स्वीकारला.

दुसरे तज्ज्ञ सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासचे अवधूत सर. विनोदिनी लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीने सांगलीला गेली. (कंडक्टरने पेटी आहे का विचारलं. हो म्हटल्यावर वाजवून दाखवायला सांगितलं.) अवधूत सर शास्त्रीय दृष्टीचे होते, त्यांनी अक्षता टाकण्यापूर्वी हात धुतले. मग यंत्र बंद करून सुरू केलं, सुरू करून बंद केलं, आणि आवाजाचा दांडा पडद्यावर वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मग वॉकमनचा हेडफोन आणून कडेच्या भोकात घातला. तो अर्ध्यातच अडला. त्यांनी जोर दिला, तरी अडला.

“अमेरिकेत भोकांचं माप वेगळं असतं,” ते म्हणाले.

निष्कर्ष विनोदिनीने वहीत लिहून घेतला. आता उपाय एकच: नोंद फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर ऐकणं. पण फ्लॉपी भरली आणि नोंद उरली. इतक्या लोकांचे आभार एका फ्लॉपीत मावत नाहीत, असं प्रमाणपत्र सरांनी क्लासच्या शिक्क्यासह दिलं. ते साताऱ्यात आल्यावर सदस्यांत समाधान पसरलं. नावं भरपूर आहेत, एवढं तरी सिद्ध झालं होतं.

तिसरे आष्ट्याचे पप्पू साउंडवाले. माईक-भोंग्याचं काम दरवर्षी त्यांचंच. ते भोंगा घेऊनच आले आणि लॅपटॉपच्या तोंडाशी तोंड लावून ठेवला.

“ताई, आवाज हाय,” ते म्हणाले, “पर आत बसलाय त्यो. यंत्राला वाटतंय कुणीतरी कानात घालून ऐकतंय. मग ते भायेर कशापायी बोलंल?”

हे निदान तंतोतंत बरोबर होतं. पण पप्पू यांच्याकडे शिक्का नसल्याने ते इतिवृत्तात आलं नाही. निघताना त्यांनीही अक्षता टाकल्या. एकूण हिशेब असा: तज्ज्ञ तीन, पूजा खंडेनवमी धरून चार, नारळ दोन, आवाज शून्य. समारोप चार दिवसांवर आला, तेव्हा नानासोंनी हिरवी रेघच मोठ्या पडद्यावर दाखवून सर्वांनी उभं राहावं, असा ठराव तयार केला.

म्हसवडकडच्या रंगूबाई अण्णांच्या घरी केरवारा करत. लॅपटॉपविषयी त्यांचं काही मत नव्हतं. त्यांची तक्रार वेगळी होती.

“आवं ताई, तुमच्या मशिनला मुंग्या लागल्यात. लय न्हाईत, पर रांगंनं चालल्यात. माजी फरशी खराब हुतीया.”

विनोदिनीने पाहिलं. मुंग्या तज्ज्ञांच्या साखरेसाठी आल्या होत्या, आणि हेडफोनच्या भोकातून ये-जा करत होत्या. तिने बंद लॅपटॉप उजेडात धरला. मग भरतकामाची सुई घेतली.

आधी कणी निघाली, मग आणखी एक, मग तिसरी. तिन्ही तज्ज्ञांच्या अक्षता तुकडा तांदळाच्या होत्या. त्यांच्याही आत, सरांच्या हेडफोनने ठासून बसवलेला, एक दाणा होता. लांब, अख्खा, कुंकू वाळून काळपट झालेला. अक्षतेला तुटका दाणा चालत नाही म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चष्मा लावून, दाराशी उजेडात बसून तांदूळ निवडणारा माणूस घरात एकच होता.

अण्णांचा आवाज अण्णांनीच बंद केला होता, आणि तोही भक्तिभावाने.

“द्या टाकून,” रंगूबाई म्हणाल्या.

विनोदिनीने कण्या टाकल्या. चौथा दाणा कुठे ठेवला, याची नोंद नाही.

त्या दिवशी तिने यंत्र सुरू केलं, सुरू होतानाची टुणटुण ऐकली आणि बंद करून टाकलं. नानासो तपासायला आले तेव्हा तिने अण्णांचा पहिला दंडक सांगितला. तो तिने स्वतःलाही लावला होता.

समारोपाला सभागृह तुडुंब भरलं. वक्त्यांचं भाषण सर्वांनी क्षमाशील वृत्तीने सोसलं. मग नानासो तबक घेऊन लॅपटॉपच्या पूजेला आले, तेव्हा विनोदिनीने भोकावर अंगठा दाबून धरला आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत काढला नाही. पप्पूंनी माईक जवळ सरकवला. तिने बटण दाबलं.

“आता आभारप्रदर्शन,” अण्णा म्हणाले.

एकतीस वर्षांत प्रथमच कोणी उठलं नाही. आवाज थोडा घोगरा होता, पण त्यांचाच. विनोदिनी टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. अण्णांनी पहिलं नाव घेतलं. त्या नावाचे गृहस्थ समाधानाने उठले आणि चपला शोधायला गेले. दुसरं नाव, दुसरे गृहस्थ. मानसिंग सतरावे होते. एकूण नावं त्रेसष्ट, आणि प्रत्येकामागे त्याच्यासोबत आलेली मंडळीही उठत होती. शेवटचं, १९९७ची दिलगिरी व्यक्त करून, नानासोंचं. नानासोंनी रुमालाने डोळे टिपले आणि गर्दी टाळण्यासाठी मागच्या दाराने गेले.

सभागृहात तिघं उरली. विनोदिनी, वायर गुंडाळायला थांबलेले पप्पू, आणि खुर्च्या उचलल्यावर झाडायला आलेल्या रंगूबाई. रेघ सपाट झाली. अण्णा पाणी पीत नव्हते. नुसते गप्प होते.

“माझी मुलगी विनोदिनी,” मग ते म्हणाले, “हिने या यंत्राची आणि चार वर्षं माझी व्यवस्था पाहिली. तिचे आभार मी मानत नाही.” थोडा खोकला आला. “शेवटपर्यंत बसून राहिलेल्या श्रोत्यांचे मानतो, आणि कार्यक्रम संपला असं जाहीर करतो.”

“झालं व्हय?” रंगूबाईंनी विचारलं.

“झालं,” विनोदिनी म्हणाली, आणि यंत्र मिटलं.

इतिवृत्तात ‘समारोप उदंड उपस्थितीत पार पडला’ असं आहे. ते नानासोंनी घरी बसून लिहिलं.

राहता राहिले वाचक. शेकडा एकाहत्तर सांगलीच्या एसटीतच उतरून गेले असावेत. वीस जणांची पावलं फ्लॉपीपाशी चाळवली. आपण अजून बसून आहात, तेव्हा आपले आभार मानायला हवेत. पण नऊ टक्के लोक कशासाठी थांबतात, ते वर आलंच आहे. आपलं नाव यादीत नव्हतं. चपला घालताना आपल्याच आहेत ना, तेवढं पाहावं.