मावशी रोज मरते!

"आमच्या चिमीला पडदा म्हणजे काय तेच माहीत नाही! टीव्ही नाही, मोबाइल नाही. पुस्तकं आणि गप्पा, बस्स!"

बालवाडीच्या बाईंसमोर चिमीच्या आईने हे इतकं ठणकावून सांगितलं, की क्षणभर तिला स्वतःलाही खरं वाटलं. ही बालवाडी म्हणजे पडद्याची कट्टर वैरीण! घरी पडदा दिसला, की मुलाचं नाव कटलंच. चिमीला महिनाभर पारखून मग प्रवेश पक्का होणार होता. आई तरंगतच घरी आली.

खरी गोष्ट अशी, की मोबाइलवर मावशी दिसल्याशिवाय चिमी घासच गिळत नसे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, नुकती कुठे सिनेमात शिरलेली नटी. मिळेल ती भूमिका पदरात पाडून घ्यायची! एकात नर्स, दुसऱ्यात पाकीटमार. ताज्या सिनेमात तर सुरुवातीची नावं संपेपर्यंत तिचा खून होऊन ती कपाटात! पण प्रेत असं झकास वठवलेलं, की चिमी तेवढ्यात अख्खी वाटी फस्त करायची.

आठवडा उलटतो न उलटतो तोच बाईंनी आईला बोलावून घेतलं.

"घरी काही झालंय का हो? चिमी म्हणते, मावशी मेली."

मावशी नटी आहे म्हणावं, तर चिमीने तिला मरताना पाहिलं कुठे?

"हो ना," आईच्या तोंडून निघून गेलं. "अगदी अचानक!"

"अरेरे! पण ती रोज मरते म्हणते."

"लेकरू हो! रोज आठवण येते."

"आणि त्याआधी पाकीट मारताना पकडली होती?"

"संगत वाईट होती," आईने डोळ्यांना रुमाल लावला. बाईंनीही आपला काढला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"ताई, आज चिमीला मी नेणार! शूटिंग लवकर सुटलं!"

दारात मावशी. चेहरा चुन्यासारखा पांढराफटक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पिंजारलेले!

"मावशी! आज भूत झालीस?" चिमी वर्गातून टाळ्या पिटत धावत आली.

बाई किंचाळून खुर्चीमागे गेल्या. आईने डोळे मिटले. गेला प्रवेश!

खुर्चीमागून हळूच एक डोकं वर आलं.

"अहो... कपाटात सापडता, त्या तुम्हीच ना?"

"तुम्ही पाहिलात?" मावशी मोहरली.

"तीनदा!" म्हणून बाईंनी जीभ चावली. मग त्या आईच्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "जेवताना लावते हो. त्याशिवाय घास उतरत नाही. कुठे बोलू नका."

चिमीचा प्रवेश तिथल्या तिथे पक्का झाला.

घरी जाताना आई हवेत होती, मावशी मात्र गाल फुगवून चालत होती.

"नर्स झाले तेव्हा रडून रडून डोळे सुजवले, त्याचं कुणाला काही नाही," ती म्हणाली. "आणि मेले, की सगळे पोटभर जेवतात!"