ताटात वाढलेला निवडुंग

आमच्या औरादच्या गल्लीत कुणाकडं नवं खेळणं आलं की ते आधी शिवलिंगअप्पांच्या दारात जातं, मग लेकराच्या हातात येतं. अप्पा ते खोलून बघतात. बिघडलेलं असावं अशी अट नाही. "पोट बघितल्याबिगर वळख झाली म्हनू न्हाई," हे त्यांचं म्हणणं.

अप्पांचा जन्म कोळारच्या कारखान्यात जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देण्यात गेला. आता घरी बसून चावीची माकडं आणि सायरनच्या गाड्या खोलतात. सकाळी अंघोळ, पूजा, कपाळाला विभूती, आणि मग पुढ्यात स्टीलचं जेवणाचं ताट. निघालेला एकेक भाग त्या ताटात वाढल्यासारखा मांडायचा. मिठाच्या जागी स्क्रू, चटणीच्या जागी स्प्रिंग, भाताच्या जागी मोटार. मोजणी कन्नडातून, "ओंदु, एरडु, मूरु." स्क्रू हलला नाही तर शिव्या दखनी उर्दूतून. आणि कुणी जवळून गेलं की मराठीत ओरडा, "वाढून ठेवलंय, वलांडू नका!"

खेळणं परत जोडलं की ताट रिकामं झालंच पाहिजे. प्रसाद ताटात टाकायचा नसतो, तसा स्क्रूही नाही. एकदा एका रेल्वेचा एक वॉशर उरला, तर या माणसानं ती रेल्वे तीनदा खोलली आणि वॉशर जागेवर बसेपर्यंत तोंडात घास घातला नाही. खुळेपणाला काही सुमार?

तर आमच्या चिमीला, म्हणजे माझ्या नातीला, तिच्या मामानं निवडुंग आणला. मऊ, हिरवा, कुंडीत उभा. आपण बोललो की कंबर हलवत नाचतो आणि आपलंच बोलणं चिरक्या आवाजात आपल्याला ऐकवतो. अप्पांनी तो उलटासुलटा केला. "काटे न्हाईत आन् निवडुंग म्हने! सांजच्याला घिऊन जा."

सांज झाली, दुसरा दिवस गेला, तिसराही गेला. चिमीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मी विचारायला गेले की अप्पा दारातच आडवे. "आजून ताटातच हाय, सुमन."

"कामून? असं काय हाय त्याच्या पोटात?"

"हाय थोडं," म्हणाले आणि दार लोटलं.

चौथ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि कडी न वाजवता सरळ आत घुसले.

आत खाटेवर अक्का होत्या, अप्पांची बायको. पाच महिन्यांखाली त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं बंद झालं. आमच्या गल्लीत त्यांच्याइतकं बोलणारी बाई नव्हती, आणि आता भेटायला गेलं तरी भिंतीकडं तोंड करून पडायच्या.

आज तोंड भिंतीकडं नव्हतं. खाटेजवळ स्टुलावर निवडुंग उभा होता, कुंडी खालून उघडी. त्यातून दोन बारीक वायरी निघून उशीपर्यंत आल्या होत्या, आणि टोकाला डाळीएवढा माईक उशीच्या खोळीला दोऱ्यानं शिवलेला. ताटात स्क्रू तसेच पडून होते.

"ब्ब...," अक्का म्हणाल्या.

"ब्ब...," निवडुंगानं कंबर हलवली. अक्का अर्ध्या तोंडानं हसल्या.

अप्पा चोरी सापडल्यासारखे उभे राहिले. "तिचा आवाज लई बारीक झालाय. कुंडीतल्या माईकला ऐकूच जायना, म्हनून बाहेर काढलो." मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्यासमोर बोलायला लाजते, सुमन. चुकलं की मान फिरवते. ह्याला लाजत न्हाई. ह्यो बी तिच्यासारखाच बोबडा बोलतोय की! दिवसभर बोलायलीय. माईक आत घालून परत दिलो, तर ही पुन्हा गप बसंल."

मी भांडायला आले होते म्हणे! माझा मलाच राग आला.

"ऱ्हाऊ द्या, अप्पा. चिमीचं मी बघते. तिलाच घिऊन येते हितं खेळायला."

अप्पा चहा ठेवतो म्हणत स्वयंपाकघरात पळाले.

मी खाटेजवळ गेले. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले.

"बा."

कन्नडात बा म्हणजे ये. पाच महिन्यांत पहिला धड शब्द.

"बा!" निवडुंग नाचत ओरडला.

"बंदे! बंदे!" आलो आलो करत अप्पा हातात चिमटा तसाच घेऊन धावत आले आणि खाटेशी गुडघ्यावर बसले. "मला बोलावलीस? मला?"

हाक मला होती. मी तोंडातून शब्द काढला नाही. अक्कांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं, आणि पुन्हा म्हणाल्या, "बा."