तणाची राखण

त्र्याहत्तरची संक्रांत झाली, तरी आमच्या गोरक्षचं तोंड दिसलं नाही. दिवाळीला आला तोही एका मुक्कामावर पळाला. मिरजगावापासून विद्यापीठ काय विलायतेत आहे? एसटीनं नगर आणि नगरहून पुढं तासाभराची वाट! पण विचारलं की एकच उत्तर, "आये, माझ्या वाफ्यावर कुणी न्हाई." जसं काही वाफा पाळण्यात निजवलाय आणि हा दोरी ओढतोय!

ते शेतकीचं विद्यापीठ. "शेती शिकायला कालेजात जायचं, तर पोहायला काय कचेरीत जायचं?" असं मी ह्यांना पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पण पोरगं हुशार निघालं. एक पदवी झाली, आता तिच्यावरची थोरली पदवी घ्यायला बसलं होतं. आमच्या भावकीत एवढं कुणी शिकलं नाही. मीच दुसरीतून उठले ती थेट शेतात.

शेवटी म्हटलं, आपणच जावं. पिशवीत तिळगूळ घेतला, बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि खुरपं. खुरपं कशाला, असं विचारू नका. बायकांना जोडवी तसं मला खुरपं. खुरपणीत माझा हात धरणारी बाई पंचक्रोशीत अजून जन्मायची आहे. मी ज्या रानातून गेले, तिथं गवत उगवायला लाजतं!

विद्यापीठ पाहिलं आणि डोळेच फिरले. चार-पाच वर्षांमागं तिथं म्हणे नुसता माळ होता, कुसळं आणि सरडे. आता इमारती ओळीनं उभ्या. नवी लावलेली झाडं मात्र अजून पोरांपेक्षा बारीक. आणि पोरांच्या विजारी! खाली अशा पसरलेल्या, की एकेकीत कोंबडी अंड्यांवर बसली असती. पण खरी नवलाई पाण्याची. आमच्याकडं त्या साली हंडाभर पाण्याला टँकरची वाट बघायची, आणि इथं पाट खळखळत होता, गहू मांडीला लागत होता. माझे डोळेच भरून आले.

गोरक्ष पाया पडला. पार वाळला होता. मी भाकरी सोडतेय तोवर म्हणाला, "आये, मला तासाला जायचंय. तू ह्या लिंबाखाली बस. माझ्या वाफ्यात कुणाला शिरू देऊ नको हां! माझी पदवी त्याच्यावर हाय."

"चिमणी शिरू द्यायची न्हाई. जा तू!"

तो गेला आणि मी मान वळवून बघितलं. देवा रे! आजूबाजूचे वाफे कसे लख्ख, विंचरलेल्या डोक्यासारखे. आणि मधल्या एका वाफ्यात ही गर्दी! चंदनबटवा, हरळी, घोळ, माठ... गहू बिचारा जत्रेत चुकलेल्या पोरागत उभा. आणि नेमकी त्याच वाफ्यात पाटी, पाटीवर माझ्या पोराचं नाव! खाली काहीतरी इंग्रजी. ते माझ्या कामाचं नव्हतं.

शरमेनं कान तापले. आमच्याकडं माणसाला पाणी नाही आणि इथं गवत पाट पिऊन माजलंय! आणि पोरगं करणार तरी काय? तास करील, अभ्यास करील, का खुरपत बसेल? पाठीशी आई आहे कशाला?

पदर खोचला. खुरपं काढलं. हरळीच्या मुळ्या पार पाताळातून ओढल्या. उन्हं डोक्यावर यायच्या आत वाफा असा झाला, की त्यात नवरी बसवावी!

गवताचा भारा झाला. दुष्काळात ओला चारा फेकवतो होय? पलीकडं गोठ्यात एक गाय बांधली होती. अंगानं थोराड, रंगानं परदेशी. तिच्यापुढं गव्हाण होती, पण गव्हाणीत अगदी मोजकं. माझ्याकडं अशी बघत होती, की मला घरची कपिला आठवली. घातला तिच्यापुढं सगळा भारा. काय खाल्लं तिनं! काडी ठेवली नाही.

गोरक्ष आला. वाफ्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसला.

"आये... कोन शिरलं हुतं?"

"कुनी सुदिक न्हाई! मी एकलीच हुते."

त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, त्यो वाफा मुद्दाम तसा ठेवलाय! तण काढलं न्हाई तर गहू किती घटतो, ते मोजायचं हुतं!"

"त्ये मला इचारायचं! निम्मा घटतो!"

"सांगून चालत न्हाई गं! मोजून दाखवावं लागतं!" त्याचा आवाज चिरकला. "कामाच्या बायांना गवत दिसलं की हात शिवशिवत्यात, म्हनून मी संक्रांतीलासुदिक हितं राखन बसलो. आन् तू..."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगं माझ्यापासून लांब पळत नव्हतं. माझ्यासारख्या बायांपासून गवत वाचवत होतं!

तेवढ्यात त्याचे मोठे सर आले, राधाकृष्ण साहेब. वाफा बघून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितला. "असू दे गोरक्ष. तण काढून वजन करायचंच होतं, ते थोडं आधी झालं. उपटलेलं कुठंय? आत्ताच तोलून घेऊ."

गोरक्षनं आशेनं माझ्याकडं बघितलं. मी गोठ्याकडं बघितलं.

आणि गोठ्यातून आरोळी आली, "माझ्या गायीला कुणी चारलंऽऽ?"

राहात्याकडचा जॉर्ज, गोरक्षच्या खोलीतला. ती गाय म्हणजे त्याची पदवी! तिला रोज तोलून चारा, किती खाल्लं की किती दूध, याचा अभ्यास. धावत आला आणि म्हणाला, "सर, आजचा सगळा दिवस बाद!"

मी म्हणाले, "बाबा, दूध तर वाढंल का न्हाई?"

"मावशी, वाढलं तर आणखीच घोटाळा!"

मी जन्मात पहिल्यांदा खाली मान घातली. हळूच विचारलं, "साहेब, माज्या पोराची पदवी गेली का वो?"

साहेब आधी खोकले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसून हसून डोळ्यांत पाणी. "नाही हो बाई! असे चार वाफे वेगवेगळ्या जागी आहेत. एक गेला तर गणितानं भरून काढता येतो. पदवी थोडी दमेल, पण येईल." आणि गोरक्षकडं वळून, "ह्या वाफ्याची राखण आता संपली. चार दिवस घरी जा, काय हाल करून घेतलेस. बाकीचे वाफे जॉर्ज बघेल."

जॉर्ज म्हणाला, "बघतो सर. फक्त मावशींना त्यांचं खुरपं घेऊन जायला सांगा!"

मी साहेबांच्या आणि जॉर्जच्या हातावर तिळगूळ ठेवला. जॉर्जला दोन वड्या जास्त, गायीच्या वाटच्या.

एसटीत गोरक्ष खिडकीशी बसून तिसरी भाकरी खात होता. नगर आलं तसा त्यानं घास गिळला. मग म्हणाला, "आये, तुला सांगून गेलो हुतो ना, कुनाला शिरू देऊ नको म्हनून?"

मी त्याच्या हनुवटीवरचा ठेचा पदरानं पुसला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "गोरक्षा, तू लई शिकला, लई मोठा हुशील. पर आजची चूक तुजीच हाय. आईला गवतापाशी एकलं सोडून जायचं नसतंय!"