करारात बसत नाई

आमच्या देवळी गावात लग्नपत्रिका छापायची म्हटली, की मुलीच्या आईबापांना एकेकट्यानं दुकानात शिरावं लागे. आधी बाप आत जाऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर पत्रिका बघणार, मग तो बाहेर पायरीवर येणार, मग आई आत. मामा आलेला असला तर त्याचा नंबर तिसरा. दोघांनी एकदम डोकं घातलं, की दुकानाचे मालक प्रभाकरभाऊ निखाडे खांद्यावरचा टॉवेल पडद्यावर टाकत आणि म्हणत, "एका टायमाले एकच मानूस. दोघं करारात बसत नाई."

हा करार म्हणजे त्यांच्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामचं लायसन. त्यात 'वापरणारा एक' असं लिहिलेलं होतं, आणि बघणं हासुद्धा वापरच, असं भाऊंचं मत. सारा गाव त्यांना करारभाऊ म्हणायचा. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं चष्म्याचं दुकान, म्हणून हा तमाशा मी वर्षानुवर्षं फुकटात पाहिला. रांगेतली माणसं कंटाळून माझ्या बाकावर येऊन बसत आणि एखादा जाता जाता डोळे तपासून घेई, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

नव्वदच्या दशकात तालुक्यात जागोजाग टायपिंगची दुकानं निघाली. बाकी सगळ्यांकडे हाच प्रोग्राम, पण फ्लॉपीवरून चोरून उतरवलेला. विकत घेतलेला एकट्या भाऊंचा. नागपूरहून तो आणला तेव्हा सोबत बारीक अक्षरातला इंग्रजी करार आला. असले करार दुनियेत कोणी वाचत नाही. भाऊंनी डिक्शनरी मांडीवर घेऊन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि माणूस हातचा गेला. सायकलचा पंप मागायला जावं, तर "तुमच्याच सायकलसाठी ना? दुसऱ्याले देसान त परवानगी बाद." पेपर वाचताना मागून कोणी डोकावलं की पेपर मिटून मांडीखाली. एकदा पंगतीत मी माझ्या पानातली जिलबी शेजारच्या म्हाताऱ्याच्या पानात टाकली, तर पलीकडून भाऊ ओरडले, "चष्मेवाले, वाढणाऱ्यानं ते तुमाले देल्ली होती! पुढं देता येत नाई!" म्हातारा घाबरला. जिलबी मग कोणीच खाल्ली नाही.

गंमत अशी, की लायसन भाऊंच्या नावाचं नव्हतंच. ते होतं त्यांच्या बायकोच्या, मंदावहिनींच्या नावाचं. टायपिंगची परीक्षा पास झालेल्या वहिनी, टाइप करणार वहिनी. भाऊ कागद कापायचे आणि गिऱ्हाइकांशी भांडायचे. सकाळी प्रोग्राम उघडला की पडद्यावर आधी वहिनींचं नाव उमटे आणि भाऊ हात जोडत. ते भिंतीवरच्या गणपतीला की पडद्यावरच्या नावाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वहिनी टाइप करत असल्या की स्वतः भाऊसुद्धा पडद्याकडे पाठ करून उभे राहत. नियम म्हणजे नियम!

प्रोग्रामसोबत एक लॉकही आलं होतं. काडेपेटीपेक्षा लहान डबी, कॉम्प्युटरच्या मागे स्क्रूनं बसवायची. ती नसली तर मराठी अक्षर उमटत नसे. चोरी होऊ नये म्हणून वहिनी संध्याकाळी ती काढून पर्समध्ये घालून घरी नेत. सकाळी मागे हात घालून बसवत आणि म्हणत, "लागलं." त्यावर भाऊ म्हणत, "आली मराठी." हे झाल्याशिवाय दुकान उघडलं असं कोणी मानत नसे.

एका दसऱ्याला भाऊंनी या लॉकची पूजा केली. हत्याराची पूजा सगळेच करतात, हळदकुंकवात काम भागतं. यांनी लॉकला दह्यादुधाचा अभिषेक घातला. त्यानंतर दिवाळी तोंडावर आली तरी दुकानात मराठी काही येईना. शेवटी वहिनींनी माझ्याकडचं काचा पुसायचं स्पिरिट नेऊन ते लॉक घासलं, उन्हात वाळवलं, तेव्हा कुठे ते शुद्धीवर आलं. आंबूस वास मात्र त्याला कायमचा राहिला.

पुढे वहिनी माझ्याकडे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आल्या. मी काच बदलून पाहिली, पुन्हा बदलून पाहिली, तरी फरक पडेना. त्यांना वर्ध्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काचबिंदू निघाला, आणि फार पुढे गेलेला निघाला. हळूहळू दिसणं पार गेलं. वहिनींनी दुकान सोडलं. घरात भिंतीकडे तोंड करून बसून राहायच्या, शेजारणी आल्या तरी बोलायच्या नाहीत. भाऊ दुकान उघडायचे, खुर्चीवर बसायचे आणि गिऱ्हाइकाला उद्या या म्हणायचे.

असेच काही आठवडे गेले आणि एका सकाळी दुकानाकडे जाताना मला भाऊंच्या अंगणात आरडाओरडा ऐकू आला. भाऊ दारात उभं राहून आत ओरडत होते.

"लायसनवाली हजर नाई आन् मी मशीन चालू करू? चोर हावो का मी?"

"मले दिसत नाई त मी काय करू तिथं?" आतून वहिनी.

"पाहाचं कोनं सांगतलं? हजर राहा म्हनतो! टाइप मी करतो, छापाचं बटन तुले दाबा लागन. करारात तसंच हाय!"

मला त्या माणसाचा असा संताप आला! आंधळ्या झालेल्या बायकोला कायदा शिकवतो म्हणजे काय? पण दुसऱ्या दिवशी वहिनी त्यांच्या कोपराला धरून आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. लॉक त्यांनी चाचपडत बसवलं. भाऊ एका बोटानं टकटक टाइप करत, काम झालं की वहिनींचा हात धरून बटनावर नेत आणि वहिनी ते दाबत. पायरीवर ताटकळणाऱ्या नवरीच्या आया वहिनींशी बोलू लागल्या. बघता बघता तालुक्यातली अर्धी स्थळं वहिनींच्या खुर्चीशेजारी जुळायला लागली. त्यांचं हसू मला भिंतीपलीकडून ऐकू येई. भाऊ विक्षिप्त आहेत, हे माझं मत मात्र कायम होतं.

मग जुना कॉम्प्युटर मेला. भाऊंनी नवा आणला, त्यात नवी सिस्टीम. जुना प्रोग्राम त्यात घातला, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. लग्नाची तारीख तेवढी बरोबर आली, पण लग्न कोणाचं ते कळेना. आणि लॉक बसवायला मागे भोकच नव्हतं. भाऊंनी कॉम्प्युटर चारही बाजूंनी फिरवून पाहिला. "काऊन हो, मराठी मानसानं आता कुठून शिराव?"

वर्ध्याहून मेकॅनिक आले, तिवारीजी. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला. "भाऊ, पुराना वाला इसमें नहीं चलेगा. नया व्हर्जन डाल देता हूं. लॉक-बिक कुछ नहीं, नाम का झंझट नहीं. कोई भी बैठो, कोई भी चलाओ."

मी तिथेच उभा होतो. लॉक काढायला वहिनींनी पर्स उघडली होती. त्यांचा हात तसाच थांबला.

"म्हंजे मले आता दुकानात याचं काम नाई," त्या म्हणाल्या.

"कोन म्हनते?" भाऊ उसळले. "तिवारीजीले काय समजते? नवा करार त अजून कडक हाय! लायसनवाली दुकानात नसली त मशीन जप्त! आन् लॉक जुन्याच डब्ब्याले लावा लागते, तिथून नव्यात जाते!"

तिवारीजी तोंड उघडणार, तोच भाऊंनी त्यांच्या पायावर पाय दिला. मी थक्क झालो. नवा करार अजून दुकानात आलासुद्धा नव्हता. भाऊंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"चष्मेवाले, बोलू नका बरं. आपली गरज नाई असं तिले समजलं, त पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसन. आन् मी कोनापाशी बसू?"

"पण भाऊ, मागच्या वेळी तो हजर राहायचा नियम..."

"तो तरी करारात कुठं होता?" भाऊ म्हणाले आणि टॉवेलनं तोंड पुसत आत गेले. 

नवा प्रोग्राम भाऊंनी रीतसर विकत घेतला, चोरीचा नाही. मेलेल्या कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली ठेवला. रोज सकाळी वहिनी खाली वाकून त्याच्या पाठीला लॉक बसवत. "लागलं." "आली मराठी." मीही माझ्या दुकानातून हे रोज ऐकू लागलो.

एकदा सकाळीच भाऊ बसनं आलेलं कागदाचं पार्सल आणायला स्टँडवर गेले आणि वहिनींजवळ मला बसवून गेले. वहिनी पर्सशी चाळा करत म्हणाल्या, "भाऊजी, या खालच्या डब्ब्याचा पंखा काऊन वाजत नाई?"

मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागलो.

"मले पयल्याच दिवशी समजलं. डोये गेले, कान नाई गेले."

"मग रोज लॉक कशाला लावता, वहिनी?"

"मी नाई आली त तुमचे भाऊ काम करतीन का? दुकानात पेपर मिटून बसतीन एकटे." त्या हसल्या. "तुमी त्याहिले सांगू नका. जलमात पयल्यांदा खोटं बोलले बिचारे, जमलं असं वाटू द्या."

तेवढ्यात भाऊ पार्सल खांद्यावर घेऊन आले. वहिनी लगबगीनं वाकल्या, टेबलाखाली हात घालून स्क्रू आवळले.

"लागलं."

"आली मराठी," भाऊ म्हणाले आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. मी पायरीवर येऊन मागे पाहिलं. एका पडद्यासमोर दोघं बसली होती, आणि टॉवेल भाऊंच्या खांद्यावरच होता.