आबांचा नंबर आणि विहिरीवरची मोटर

माणसांनी एकमेकांना फोन करायचे दिवस संपले, हे मी औरंगपुऱ्यातल्या आमच्या मोबाइल कंपनीच्या ऑफिसात रोज छातीठोकपणे सांगतो. आता सिमकार्डं लागतात ती यंत्रांना! विजेचे मीटर, दुधाचे टँकर, गाईंच्या गळ्यातले पट्टे. माणसांपेक्षा ही गिऱ्हाइकं बरी, भांडायला येत नाहीत.

दिव्याखाली अंधार नको म्हणून फुलंब्रीजवळच्या आमच्या विहिरीवरही मी मोबाइल स्टार्टर बसवला. फोन केला की तो उचलतो, बाईच्या आवाजात "मोटर चालू झाली आहे" म्हणतो आणि पाणी सुरू! त्यात सिम घातलं ते आबांचं. आबा, म्हणजे माझे वडील, संक्रांतीनंतर अचानक गेले. चालू नंबर वाया का घालवा, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तो बंद करायला हात धजत नव्हता. स्टार्टर नोंदवलेल्या नंबरांचंच ऐकतो, म्हणून माझा नोंदवला आणि अडीअडचणीला आईचाही; तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

आबांनी लावलेला शेवटचा कांदा रानात उभा होता. तो तेवढा धड घरात यावा, एवढंच आमचं मागणं. काढणी जवळ आली तसं, कांदा सडू नये म्हणून मी पाणी तोडलं. दुसऱ्याच दिवशी वाफे तुडुंब!

आधी शेजारच्या धोंडिबाकाकांवर संशय घेतला. त्यांनी बोलणं सोडलं. मग वायरमन आणला. त्यानं उंदरांवर खापर फोडलं. पिंजरा लावला, तर त्यात धोंडिबाकाकांच्याच मांजरीचं पिल्लू अडकलं! तोवर आमचे गेलेले त्रिंबकआबाच पाणी द्यायला येतात, अशी गावात बोलवा उठली होती. वाफे काही सुकेनात.

शेवटी रजा टाकून भर दुपारी विहिरीवर जाऊन बसलो. मोटर आपोआप सुरू झाली. ती बंद केली आणि घाबरून घराकडे पळालो. ओट्यावर आई बसली होती. पुढ्यात झाकलेलं ताट, कानाला फोन.

आबा रानात असले की स्वयंपाक झाल्यावर आई त्यांना रिंग द्यायची. ते फोन कापायचे आणि जेवायला यायचे. एवढ्या संसारात दोघं फोनवर कधी बोलले नाहीत.

"आई, अगं, त्या नंबरनं मोटर चालू होते."

"मला काय ठाव, सुदर्शन? सवय हाय. तुझ्या बापानं कधी उचलला नाय. आता ती बाई उचलती, काहीतरी बोलती. बरं वाटतं."

मला आधी हसू आलं. मग मी तिच्याशेजारी ओट्यावर बसलो.

निम्मा कांदा सडला. "त्यांचा कांदा म्याच नासवला," म्हणत आई तो निवडत रडली. मी स्टार्टरला नवं सिम घातलं आणि तिला तसं सांगितलं. आबांचं सिम मात्र गुपचूप माझ्या फोनमध्ये टाकलं. बरेच दिवस ते वाजलं नाही.

मग एका दुपारी, एका गिऱ्हाइकाला यंत्रांचं युग समजावत असताना, ते वाजलं. कापायला हवा होता. आबा कापायचे. पण मी उचलला आणि त्या बाईसारखा बारीक आवाज काढून म्हणालो, "मोटर चालू झाली आहे."



"मोटर बंद हाय. म्या आत्ताच बघून आले," आई म्हणाली. "डबा खाऊन घे, सुदर्शन."

डोळे पुसून मी डबा उघडला. गिऱ्हाइकाला सांगितलं, जरा थांबा, नेटवर्क गेलंय.