अमरनाथमामाची उझी

अमरनाथमामाला गप्प बसता येत नसे, आणि बंदुकीचा विषय निघाला की बिलकुल नाही. लातुरात त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की हा पठ्ठ्या मोबाइलवर जगभरच्या बंदुका बघत बसायचा. कुकरची शिट्टी बदलायला आलेल्या बाईलाही काडतुसांचे प्रकार ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही.

तर त्याच्या भाचीचं, शिवानीचं, उदगीरला लग्न निघालं. नवरीला मांडवात मामाने आणायचं, आणि आणताना साबणाचे फुगे सोडणारी बंदूक उडवत यायचं, असा तिचा हट्ट. मामाला खेळण्यांच्या दुकानात थेट उझी या इस्रायली मशीनगनच्याच आकाराची बंदूक मिळाली, पण रंग गुलाबी. आता बोला. मामाने ती काळीकुट्ट रंगवली, आणि वजन खऱ्याइतकं यावं म्हणून आत वाळूही भरली.

लग्नाच्या दिवशी उदगीरच्या अलीकडे निवडणुकीची नाकाबंदी लागली. हवालदार साहेबरावांनी गाडीची डिकी उघडून बंदूक बघितली. "खेळण्यातली दिसून राहिली," ते म्हणाले.

इथे मान डोलवून निघावं की नाही माणसानं? पण एवढं रंगकाम केलेलं, मामाला तो शब्द झोंबला.

"खेळण्यातली? हवालदारसाहेब, उझी हाय ही. नऊ मिलिमीटर. मिनटाला सहाशे गोळ्या. उचलून बगा, साडेतीन किलो भरती का न्हाई."

साहेबरावांनी उचलून बघितली. भरली. त्यांचा चेहराच बदलला, आणि त्यांनी लायसन्स मागितलं. निदान तेव्हा तरी सांगायचं ना बाबा, की फुग्यांची आहे? छे. मामाने त्यांना कायदा समजावला. असल्या स्वयंचलित बंदुकीचं लायसन्स सामान्य माणसाला मिळतच नाही, जवळ सापडली तर सात ते चौदा वर्षं आत. एवढं सांगून झाल्यावर हे सगळं आपल्यालाच लागू होतंय हे त्याच्या ध्यानात आलं.

फौजदार शिल्पा मॅडम आल्या. मामा आता हात जोडून सांगू लागला, की हे लेकरांचं खेळणं आहे. मॅडम म्हणाल्या, मग चालवून दाखवा. मामाने चाप ओढला. नुसतं घर्रर्र झालं. साबणाचं पाणी उदगीरला, भाचीच्या खोलीत. तेवढ्यात तिचाच फोन आला आणि मॅडमनी तो स्पीकरवर घ्यायला लावला.

"कुठवर आले मामा? अक्षता वाटून झाल्या. सगळे म्हणून राहिलेत, काकाचा हात धरून चल. मी न्हाई म्हणलं. तुमी आल्याबिगर मी खोलीतून निघत न्हाई."

तिचा आवाज रडवेला झाला होता. मामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून मिरवलं, तिचा मुहूर्त आपल्या तोंडापायी टळतोय, याची त्याला भयंकर लाज वाटली.

मॅडमनी शेजारच्या चहाच्या टपरीवरून भांड्याचा साबण पाण्यात कालवून आणवला. मामाने परत चाप ओढला आणि भर रस्त्यात फुगेच फुगे झाले. एक साहेबरावांच्या नाकावर जाऊन फुटला.

मॅडम हसल्या नाहीत. "चला," त्या म्हणाल्या. "लग्न खरंच हाय का बघायला मी जीप घेऊन मागं येते. पण या बंदुकीबद्दल आज एक शब्द जरी तोंडातून निघाला, तर मांडवातून उचलीन."

मुहूर्त सापडला. शिवानी मामाचा हात घट्ट धरून निघाली, फुगे उडाले, टाळ्या पडल्या. मॅडम दाराशी सरबताचा पेला घेऊन उभ्या होत्या. आणि नवरदेवाच्या काकांनी माइक उचलला.

"बगा मंडळी, नवरीचे मामा चक्क एके-४७ घेऊन आलेत."

'उझी' हा शब्द मामाच्या अगदी जिभेवर आला. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम त्याच्याकडेच बघत होत्या. काकांनी कौतुकाने माइक त्याच्या तोंडासमोर धरला. "एके-४७च ना मामा?"



"हाव," तो म्हणाला. "तीच."