तात्यांच्या राऊटरची हजेरी

आमच्या शेजारचे तात्या विजेचीसुद्धा हजेरी मांडतात. थट्टा नाही करत मी. त्यांच्या टेबलावर लाल पुठ्ठ्याचं एक लांबडं रजिस्टर असतं. त्यात दूधवाला, धुणंभांडीवाली छबूबाई, नळाचं पाणी आणि 'लाईट' अशी नावं एकाखाली एक लिहिलेली. लाईट गेली की पुढच्या चौकोनात लाल पेनानं 'गै' पडतो. गैरहजर. पाच मिनिटांत परत आली तरी ते खोडत नाहीत. "लेट आली. आमच्या कारखान्यात गेटावरनं म्हागारी धाडली असती," म्हणतात.

तात्या श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपर होते. आठचा भोंगा झाला की गेट बंद. आठ वाजून एक मिनिटानं आलेला माणूस, मग तो सख्खा मेहुणा का असेना, घरी. एकदा मेहुणा खरोखरच घरी गेला आणि पुढच्या दोन दिवाळ्या भाऊबिजेला फिरकला नाही. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, रडून घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे. तात्यांचं उत्तर एकच, "गेट म्हंजी गेट." काकू जाऊन सहा वर्षं झाली. रजिस्टर राहिलं.

मी त्यांच्या घरासमोरच कॉम्प्युटर क्लास चालवते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. क्लासची वेळ नऊची. मी जरा उशिरा कुलूप काढलं की ओट्यावरून आवाज येतो, "चार मिन्टं!" सकाळी सकाळी असं डोक्यात जातं ना! पण म्हाताऱ्या माणसाला बोलणार काय? मी आपली दात-ओठ खात आत जाते.

गेल्या पावसाळ्यात तात्यांच्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. पुण्याच्या लेकीनं, रेखानं, नवाकोरा लॅपटॉप पाठवला. दोन दिवस खटपट करून तात्या दमले आणि मला हाक मारली. लॅपटॉप झकास होता, पण घरातल्या वायफायला काही केल्या जोडला जाईना. मी वर पाहिलं. कपाटावर दोन शिंगांचा एक राऊटर, पिवळा पडलेला, बारा-तेरा वर्षांचा तरी असेल. अंगाखाली क्रोशाचा रुमाल. याला रोज दुपारी एक ते दोन बंद ठेवलं जातं, हे मला माहीत होतं. जेवणाची सुट्टी!

"तात्या, याचं कुलूप जुन्या पद्धतीचं आहे. नवीन लॅपटॉप त्याच्यावर भरवसा ठेवत नाही, म्हणून जोडूनच घेत नाही. राऊटर बदला, विषय संपला."

"न्हाई. ह्यालाच जोडा."

"अहो, माझ्याकडे क्लासमध्ये एक जादा पडलाय. तो लावून देते."

मी स्टुलावर चढले, वायरीला हात घातला, तर तात्यांनी माझं मनगटच धरलं.

"उतरा खाली. त्यात पोरांची नावं हायेत."

मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. राऊटर बसवला होता त्यांच्या मुलानं, संदीपनं, कॉलेजात असताना. बाहेरच्यांनी फुकट वायफाय वापरू नये म्हणून त्यानं आत एक यादी करून ठेवली होती: तात्या, रेखा, संदीप. फक्त या तिघांचेच फोन चालणार. कोण जोडलेलं आहे, तेही त्या यादीत नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावरून दिसायचं. म्हणजे हजेरीपटच की! जुन्या कॉम्प्युटरवर तात्या ती यादी सकाळ-संध्याकाळ उघडायचे आणि रजिस्टरात मांडायचे. कॉम्प्युटर गेल्यापासून यादी दिसत नव्हती, म्हणून माणूस कासावीस झाला होता.

मी रजिस्टर चाळलं. 'संदीप'च्या ओळीत पानंच्या पानं एकच अक्षर. 'गै' नव्हे. 'र'. रजा.

संदीपचं प्रकरण अख्ख्या गल्लीला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी, तात्यांनी लावून दिलेली कारखान्याची नोकरी सोडून तो सुप्याला कंपनीत गेला. तेव्हा तात्या घराच्या याच लोखंडी गेटात उभं राहून ओरडले होते, "तुजं नाव पटावरनं खोडलं!" पोरगा गेला तो गेलाच.

"तोंडानं खोडलं मी," तात्या रुमालाची टोकं सरळ करत म्हणाले. "ह्यात हाय अजून. हे काढलं तर खरंच खोडल्यावानी व्हईल. आन कधी आला तो, तर पासवर्ड इचारावा लागंल त्याला. घरच्या मानसानं इचारायचं व्हय?"

"मग फोन करा ना एक!"

"टाइमकीपर कुनाच्या घरी बोलवाया जातो काय?"

घ्या! आता या माणसापुढे डोकं आपटायचं का? पण खरं सांगते, मला भरून आलं होतं. मी चिडकी आहे, दगड नाही. वायफाय जमत नसेल तर साधी वायर लावू म्हटलं, तर लॅपटॉप इतका सडपातळ की वायरीला भोकच नाही. शेवटी नगरहून एक छोटा जोड आणला, त्यात वायर खुपसली आणि लॅपटॉप निमूट चालू लागला. यादी उघडली. तात्यांनी चष्मा पुसून संदीपचं नाव वाचलं. पुढे ठिपका नव्हता.

"असू द्या. रजेवर हाय," म्हणाले.

गेल्या महिन्यात एका सोमवारी मला चांगला सात मिनिटं उशीर झाला. तात्या क्लासच्या दारातच उभे. मिनिटं मोजली नाहीत. म्हणाले, "मास्तरीणबाई, पाना हाय का?"

"कशाला?"

"काल सांजच्याला यादी उघडून बसलो हुतो. संदीपच्या नावाम्होरं हिरवा ठिपका आला." त्यांनी बोटानं आपलं गेट दाखवलं. "म्हंजी दाराशी हुता तो. आधी चष्मा पुसून पुसून बघितलं, मंग पळालो. गेटाची कडी गंजल्याली, नेमकी तवाच अडाकली, निघंना. ती निघूस्तवर गाडी वळून गेली. धा मिन्टं उभा हुता पोरगा, आन गेट बंद."

मी पाना घेऊन गेले. कडी काढून तात्यांचं भागेना. दोघांनी मिळून अख्खं गेट बिजागरीतून उचकटलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. हल्ली गल्लीतल्या शेळ्या आत शिरून जास्वंद खातात, छबूबाई बोंब मारते, तात्या ऐकत नाहीत.

त्या दिवशी हात धुऊन त्यांनी रजिस्टर उघडलं आणि कालच्या तारखेला, संदीपच्या ओळीत, निळ्या पेनानं 'ह' लिहिला. मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, दहाच मिनिटं आला, तोही गेटाबाहेर, तोही चार वर्षं लेट. बसतं का हे तुमच्या नियमात?"

तात्यांनी पेनाला टोपण लावलं.

"गेटच न्हाई ऱ्हायलं आता," ते म्हणाले. "मग लेट कसला?"